‘झालं’चा रकाना

सुपर कॉरिडॉरवर, चौथ्या मजल्यावर
मला पाठवलं मास्टर म्हणून.
स्क्रम मास्टर.
हातात छडी नाही, खडू नाही, हजेरीपटसुद्धा नाही.
नऊ जण, एक पांढरा फळा
आणि सव्वादहाची उभी बैठक,
जिच्यात सगळे असे उभे असायचे
जशी लिफ्टमध्ये अनोळखी माणसं.

काल काय केलं, आज काय करणार, अडचण काही?
काही नाही.
काही नाही.
आळीमिळी गुपचिळी.
नकुल पाटीदार बुटांशी बोलायचा,
अवंती शेवडे फळ्याशी,
आणि टेस्टिंगवाल्या हुसैनाची पाळी येईस्तो
निम्मे खुर्चीत जाऊन बसलेले.
तिच्याकडे काम पोचायचं गुरुवारी संध्याकाळी.
शुक्रवारी रिलीज.
वरातीमागून घोडं,
आणि उशीर झाला म्हणून चाबूकही घोड्यालाच.

पहिले दोन आठवडे मी काहीच केलं नाही.
वहीत रेघा मारत बसले:
कोण कुणाचं वाक्य तोडतं,
कोण कुणाला चहा विचारतं.
नकुलनं हुसैनाला एकोणीस वेळा तोडलं.
चहाच्या पानावर एकही रेघ नाही.
इंदुरात! जिथं रस्ता विचारला
तर आधी पोहे झाले का विचारतात.

मग एका शुक्रवारी रात्री मंडीतून फोन सुरू झाले.
सोयाबीनच्या पावतीवर
क्विंटलच्या पुढचे किलो गळत होते.
हुसैना म्हणाली, मी चिठ्ठी लावली होती. पिवळी. ‘दशांश गळतोय.’
नकुल म्हणाला, ती ‘झालं’मध्ये होती, मी बघितली.
अवंती म्हणाली, मी हलवली नाही.
मग प्रत्येकानं सांगितलं, मी नाही.
मग तेच, आवाज चढवून.
मी मास्टर, भिंतीला टेकून.

भेरूलाल आत आला, दोन हातांत दोन पिशव्या,
ओला कचरा वेगळा, सुका वेगळा.
थोडा वेळ ऐकत राहिला.
“वो पीला कागज? तीन बार गिरा भिया.
हमने चिपका दिया.
जहाँ जगह दिखी.”

जागा फक्त ‘झालं’च्या रकान्यात होती.
तोच एक रिकामा होता.

कुणीतरी हसलं, बहुतेक अवंती,
आणि लगेच थांबलं.
तीन वेळा पडली होती चिठ्ठी.
तीन वेळा आम्ही तिच्या बाजूनं
कँटीनला गेलो असणार.
माझ्या वहीत सगळ्यांच्या रेघा होत्या,
जमीन नव्हती.

नकुलनं खुर्ची ओढली, हुसैनाच्या शेजारी.
चाकं कुरकुरली.
“दाखव.”
ती दाखवू लागली. त्यानं मध्येच तोडलं.
पुन्हा तोडलं.
तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि वाक्य गिळलं.
हे मी बघितलं. वहीत मांडलं नाही.
सव्वादोनला किलो गळायचे थांबले.
कुणीतरी खाली जाऊन नऊ चहा आणले,
दहावा भेरूलालचा आणायचा राहिला.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही.
आलेख अजून उताराला आहे,
वरच्या साहेबांचे मेल अजून येतात,
नकुल अजून बुटांकडेच बघतो.
पण सोमवारी बैठकीत पहिली पाळी हुसैनाची होती,
आणि ती संपेपर्यंत
कुणी बसलं नाही.

भेरूलाल पोछा घेऊन मागून चालला होता.
अवंतीनं त्यालाही विचारलं, अडचण काही?
तो थांबला.
म्हणाला, एसीची हवा सरळ फळ्यावर येते,
कागद टिकणार कसा?

महिन्याभरातली पहिली खरी अडचण.
मी पिवळ्या चिठ्ठीवर लिहून घेतली
आणि लावली ‘करायचंय’च्या रकान्यात,
चारही बाजूंनी टेप मारून.